खारबावच्या दारातला नांगर

खण्ण! सामसूम दुपारी वारा आला, दाराने मला ढुशी दिली आणि माझी कडी वाजली.

मी एक जुना नांगर आहे, मित्रांनो. शेतातला नव्हे, होडीचा. खारबावच्या या घरात आता दार अडवून बसतो.

लोहाराने मला चार नख्या दिल्या. त्या खाडीच्या चिखलात रुतवायच्या आणि विटांनी भरलेली होडी वाहू द्यायची नाही, एवढंच माझं काम. या घरातला सादिक तेव्हा पोरगा होता; त्याचे अब्बा होडीचे तांडेल, म्हणजे प्रमुख. सुकाणू त्यांच्या हाती, माझी दोरी सादिकच्या.

एकदा ओहोटीला सादिकने दोरी आखूड आणि ताठ बांधली. दिसायला कशी नीटनेटकी! भरती चढली, होडी वर उठली, तिने मलाच चिखलातून उपटलं आणि आम्ही सगळे वाहत काठच्या तिवरांच्या झाडीत घुसलो.

अब्बा ओरडले नाहीत. "दोरी ताणली म्हंजे होडी धरली, असं न्हाय रं. पाणी चढणारच हाय. तेवढी ढील आधी सोडावी. खलाशाचं शहाणपण तेच."

पुढे विटा ट्रकने जाऊ लागल्या. होडी मोडीत निघाली, अब्बाही गेले. सादिक मोठ्या मालवाहू जहाजावर खलाशी झाला. या खेपेला निघताना बायकोला म्हणाला, "सफिया, हा भंगारात देऊन टाक. आपल्या अलिजाला ठेचा लागतात."

आज भंगारवाला आलाच.

"भाभी, लोहा दे दो. अब इसका क्या काम?"

त्याने मला उचललं मात्र, दार धाडकन आपटलं. आत निजलेली अलिजा दचकून उठली.

"ये काम!" सफियाला हसू आलं. "रख दो भाई, नहीं देना."

मग खोबरेल आणि फडकं घेऊन ती माझ्याजवळ बसली. मित्रांनो, जुन्या लोखंडाला फार लागत नाही. बोटभर तेल, आणि आपण कशासाठी होतो ते पोरांना सांगणारं कुणीतरी. तुमच्याही घरात असा कुणी गंजत पडला असेल, तर त्याला टाकण्याआधी एकदा विचारून बघा.

गंज पुसता पुसता सफियाने सादिककडून ऐकलेली ती आखूड दोरीची गोष्ट सांगितली. अलिजा माझ्या नखीवर बोट फिरवत ऐकत होती.

"अम्मी," गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "अब्बू तर किती लांब गेलेत. त्यांची दोरी पुरेल?"

सफियाचा तेलाचा हात माझ्या नखीवर तसाच थांबला.