कर्ण्यातलं झबलं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गोपिकाने नणंदेला, रंभाबाईंना, वाण म्हणून चक्क फोनो देऊन टाकला. इतवारीतल्या आठ-दहा बायका साक्षीला होत्या. तिच्या नवऱ्याने, रुपरावाने, हौसेने आणलेला पितळी कर्ण्याचा फोनो. पण तबकड्या सगळ्या त्याच्या आवडीच्या, डोळे मिटून हलकेच गायलेल्या भावगीतांच्या. गोपिका कॉलेजात असताना प्रभातफेरीच्या पुढे राहून गाणारी. गाणं म्हणजे गल्लीतली माणसं दारात आली पाहिजेत. "ही कसली गाणी? तापकऱ्याची पेज. ना मीठ, ना तिखट," असं म्हणून ती मोकळी व्हायची. रंभाबाईंनी वाण आनंदाने घेतलं आणि "मागाहून नेईन" म्हणत उमरेडची गाडी गाठली.

पुढे तान्ह्या लेकीला, सोनीला, दात येऊ लागले. पोर सारखी किरकिरायची. गोपिका घडीघडी तिच्या कपाळाला हात लावी, झोपली तर नाकाशी बोट धरी. एका दुपारी सगळे उपाय थकले तेव्हा तिने फोनोला चावी भरली. सोनी झोपली. गाणं संपलं तरी गोपिका पाळण्याची दोरी धरून तशीच बसून राहिली. मग ते रोजचंच झालं.

होळी झाली आणि रंभाबाई जुनं लुगडं घेऊन फोनो बांधायला हजर.

"ताई, दिलेलं वाण मागू नये, समजते मले," गोपिका म्हणाली. "पण सोनी याच्याबिगर झोपत नाही."

"पोरीसाठी न? मंग राहू दे. दात आले की नेईन."

गोपिका मनात हिशेब करू लागली. दात काय, येतीलच लवकर.

"ताई, नेऊ नको," रुपराव वर्तमानपत्राआडून म्हणाला. "काही लोकांले आताशा पेज मानवते."

रंभाबाईंनी कर्णा पुसायला आत हात घातला आणि सोनीचं झबलं बाहेर ओढलं. गोपिका ते काढायचं विसरली होती.

"हे काहून वं?"

"आवाज मोठा होते. सोनी उठते."

"थांब. पोरीले निजवाले लावतेस, अन् पोरगी उठू नये म्हणून बोळा कोंबतेस. म्हणजे ती निजल्यावरही हे वाजून राहते. कोणासाठी वं? पाळण्यासाठी?"

गोपिकाने पाळण्यात डोकावून पाहिलं. आता रडली असती तर बरं झालं असतं. पण सोनी इतकी शहाण्यासारखी कधीच झोपली नव्हती.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "दिवसभर कान हिच्याकडेच लागलेले राहतात, ताई. हे वाजते तेवढा वेळ मी हिच्या नाकाशी बोट नाही धरत."

रंभाबाईंनी लुगड्याची पुन्हा घडी घातली.

"वाण काही परत होत नाही. फोनो माझाच. पण माझी चीज कुठं ठेवायची, ते मी पाहीन. राहू दे इथंच. मी आली की मले ऐकवायचं."

"दात आल्यावरही?"

"नातवंडाले येतपर्यंत. लाव आता एक."

रुपरावाने लगबगीने एक तबकडी पुढे केली. गोपिकाने ती बाजूला सारली.

"ही नको. तुम्हांले यातलं समजत नाही," असं म्हणत ती तबकड्यांच्या पेटीतून स्वतःच्या आवडीची तबकडी शोधू लागली.