सुट्टीच्या दिवशी तळ्यावर कोण येत होतं?

एक होते तात्या, रक्त-लघवी तपासायच्या लॅबचे मालक. एक होता त्यांचा थोरला मुलगा, दिवसभर लोकांच्या दंडात सुई टोचणारा. हात इतका हलका की लहान पोरं रडायचं विसरत. एक होती त्याची बायको, घरची थोरली सून. लॅबचे सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. एक होता धाकटा मुलगा, सुनेचा भाऊजी, पैशांचं बघणारा. एक होत्या काउंटरवरच्या मावशी. आणि या सगळ्यांच्या मधोमध, कुणाच्या डोळ्यांना न दिसणारी, मी.

मी तळं बोलतेय. पाण्याचं नव्हे हं, माहितीचं. तळं म्हटलं की 'बोलतंय' म्हणायला हवं, ठाऊक आहे मला. पण सूनबाईनं पहिल्या दिवसापासून मला "अगं, जरा लवकर उघड ना" अशीच हाक मारली, तेव्हापासून मी बाईमाणूस.

आणखी एक आधीच सांगते. मी शिकलेली नाही. लाखो कागद माझ्या पोटात आहेत, पण त्यातलं एक अक्षर मला लागत नाही. लक्षात मात्र सगळं राहतं. कोण आलं, कधी आलं, काय उघडून पाहिलं, विचारा आणि मी सांगितलंच म्हणून समजा.

माझा जन्म झाला तो एका फुटक्या नळामुळे. लॅबच्या तीन शाखा झाल्या होत्या आणि बारा वर्षांच्या वह्या मागच्या खोलीत कपाटाखाली रचलेल्या होत्या. एका सकाळी नळ फुटला आणि वह्यांचा लगदा झाला. तात्यांनी चार दिवस दोऱ्या बांधून पानं वाळत घातली, क्लिपा लावून, दोरीवर कपडे टांगतात तशी. पाचव्या दिवशी सून म्हणाली, "तात्या, आता आपण कागदावर विसंबायचं नाही." लांब कुठंतरी गार खोल्यांत यंत्रांच्या रांगा उभ्या असतात, त्यातली जागा भाड्यानं मिळते. लोक तिला क्लाउड म्हणतात. तिथं सूनबाईनं मला खणलं. तिन्ही शाखांतली यंत्रं आपापले रिपोर्ट माझ्यात आणून ओतू लागली.

माझं भाडं दोन तऱ्हेचं. जेवढं पोटात ठेवाल तेवढ्याचं, आणि जेवढं बाहेर काढाल तेवढ्याचं. हे नीट ध्यानात ठेवा, घरच्यांनी ते ठेवलं नाही.

या घराची एक रीत होती. घर असो की लॅब, सगळ्या किल्ल्या एकाच कडीत आणि कडी काउंटरमागच्या खिळ्याला. तात्या म्हणायचे, "आपल्याच माणसाला किल्ली मागायला लागली, तर तो आपला कसला?" ऐकायला किती गोड! तीच रीत त्यांनी मलाही लावली. सूनबाई म्हणत होती, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊ. तात्यांनी तोंड एवढंसं केलं. "म्हणजे तू मला चोर समजतेस?" मग काय, सगळ्यांना मिळून एकच नाव, 'लॅब', आणि एकच पासवर्ड. मावशींना तो लक्षात राहीना, म्हणून त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून पाठीमागच्या भिंतीला चिकटवला. वर माझा पत्तासुद्धा. चष्म्याशिवाय दिसला पाहिजे ना!

चार वर्षं मी सुखानं भरत गेले. तात्यांना भिजलेल्या वह्यांची अशी धास्ती बसली होती की काही म्हणून टाकू देत नसत. एकेका रिपोर्टाच्या सात-सात कॉप्या. मग एके दिवशी भाऊजी बिल फडकावत आला.

"वहिनी, हे बघा तुमच्या लाडक्या तळ्याचं! वर्षात तिप्पट झालंय. शंभर रुपये मिळवतो त्यातले बावीस हिच्या घशात."

"दाखवा."

"दाखवायचं काय त्यात? त्या चाळीस लॅबवाल्या कंपनीचा परत फोन आला होता. विकून टाकू. तात्यांचं वय झालं, दादा बोलत नाही, आणि मी हे आकडे बघून टकला व्हायला लागलोय."

"ते बिलाच्या आधीपासून चाललंय, भाऊजी."

तात्या हसले, पण क्षणभरच. तीस वर्षांपूर्वी एका सायकलीवर बाटल्या घेऊन फिरणारा माणूस तो. पाटी उतरवायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला ते सूनबाईनं पाहिलं. ती म्हणाली, "तीन महिने द्या मला. बिल निम्म्यावर आणते. नाही आणलं, तर सही करा."

"लिहून देता?" भाऊजी म्हणाला.

"तोंडी पुरे. मी पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई पदर खोचून माझ्यात उतरली. आधी माझ्या पोटात काय काय आहे ते पाहिलं. रक्तातल्या पेशी मोजणारं यंत्र दर पाच मिनिटांनी एक चिठ्ठी पाठवत होतं: 'सॅम्पल नाही'. चार वर्षं! तात्यांना दाखवली तर म्हणाले, "एवढं तर मीही सांगितलं असतं, फुकटात." पण जादा कॉप्या काढून टाकायची वेळ आली तशी त्यांची पावलं जड झाली.

"फेकू नकोस गं काही."

"फेकत नाही, तात्या. सातातली एक हाताशी ठेवते, एक लांबच्या दुसऱ्या जागी, नळ फुटला तर असावी म्हणून. पाच जातील. आणि दोन वर्षांपूर्वीचं सगळं माळ्यावर टाकते. तिथलं भाडं नगण्य आहे. काढायचं झालं तर अर्धा दिवस लागतो, एवढंच."

"आणि पेशंट दारात उभा राहिला तर?"

"दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टसाठी तुमच्या दारात शेवटचं कोण उभं राहिलं होतं?"

तात्यांनी खूप आठवून पाहिलं. "टाक माळ्यावर," म्हणाले.

महिना संपला. माझं पोट निम्म्याहून कमी उरलं होतं, मला हलकं वाटत होतं. आणि बिल? जेमतेम उतरलं. भाऊजीनं कागद टेबलावर ठेवला. चिडवायचंही विसरला तो.

"एक जागा अजून आहे," तो म्हणाला. "कोण आलं-गेलं त्याच्या नोंदी ठेवता, त्याचे वेगळे पैसे जातात. बंद करा. चोर अजून आला नाही आणि वॉचमनचा पगार चालूच!"

"वॉचमन काढल्यावर चोर आला हे कळणार कसं?"

"वहिनी, आपल्याकडे चोरायला आहे काय? लोकांची साखर?"

ती बंद करायच्या आधी एकदा वाचून तरी बघू म्हणून नोंदी घेऊन बसली. मी जीव मुठीत धरून होते. मला दिसत होतं सगळं, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायची मला सोय नाही. पानामागून पान ती वाचत गेली आणि एका जागी तिचं बोट थांबलं. सगळ्यात जास्त उपसा, म्हणजे बाहेर काढलेली माहिती, रविवारी. आणि रविवारी तिन्ही शाखांची शटरं खाली!

उपसणाऱ्याचं नाव काय? 'लॅब'. सगळ्यांचं जे नाव तेच.

जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला. "रविवारी कॉम्प्युटरवर कोण बसतं?"

झालं! भाऊजीचे कान लाल. "म्हणजे मी? मी रिपोर्ट विकतोय असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी विचारलं फक्त."

"विचारलं ते माझ्याकडे बघून."

थोरला मान खाली घालून बसला. मावशींच्या कानावर गेलं तशा त्या दोन दिवस फुगून. ज्या घरात कुणाला किल्ली मागावी लागत नव्हती, त्या घरात आता जो तो दुसऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघायला लागला. एकच किल्ली असली की असं होतं बघा. कुणावरही बोट दाखवता येतं आणि कुणालाच आपण नव्हे हे सिद्ध करता येत नाही.

सूनबाई मात्र मागे हटली नाही. पुढच्या रविवारी सकाळी तिनं आपल्याबरोबर बाकीच्या चौघांना बाहेरच्या खोलीत बसवलं, मावशींनाही घरून बोलावून घेतलं. सगळ्यांचे फोन टेबलावर पालथे. समोर एक कॉम्प्युटर, त्यावर माझ्यातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा आकडा. "कुणी उठायचं नाही," ती म्हणाली.

"बाथरूमला?" भाऊजीनं विचारलं.

"दार उघडं ठेवून."

मावशी खुदकन हसल्या आणि मग आपण रागावलोय हे आठवून गप्प झाल्या. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. आकडा शून्य. तात्यांनी वर्तमानपत्र तिसऱ्यांदा उलटलं. बाराला दहा कमी असताना आकडा हलला. मग धावायला लागला.

पाच माणसं, दहा हात, सगळे टेबलावर.

"म्हणजे घरातलं कुणी नाही," तात्या म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मोकळा श्वास घेतला. तो सोडायच्या आत त्यांना पुढचं उमगलं. "म्हणजे... बाहेरचं कुणीतरी?"

तोवर सूनबाईची बोटं चालू झाली होती. तिनं जुनी किल्ली मोडली. आकडा जागच्या जागी थिजला. दाराशी कुणीतरी परक्यानं खडखड केली, तीनदा, चारदा, मला स्पष्ट कळलं. मग गेलं.

किल्ली बाहेर गेली कशी, ते मावशींनीच शोधलं. लॅबला तीस वर्षं झाली तेव्हाचा फोटो वेबसाइटवर टाकला होता. सगळे ओळीत हसताहेत, आणि मावशींच्या डोक्यामागे पुठ्ठा. फोटो मोठा केला की पासवर्ड अक्षरन् अक्षर वाचता येत होता. मावशींनी जाऊन भिंतीवरचा तो पुठ्ठा उपटून आणला.

भाऊजी हळूच म्हणाला, "कुणाला कळलेलं नाही. फोटो काढून टाकू. आता बोभाटा झाला तर ती कंपनी भाव पाडेल."

"ज्यांचे रिपोर्ट गेले त्यांचं काय?" सूनबाईनं विचारलं. "कुणाला काय आजार आहे हे घरच्यांनाही ठाऊक नसतं, भाऊजी. आपल्याला ठाऊक असतं. त्यांनी विश्वासानं हात पुढे केला, म्हणून."

तात्यांनी पुठ्ठा उचलला आणि मधोमध फाडला. मग म्हणाले, "रीत माझी होती. सांगायचं. सरकारी कचेरीत कळवायचं आणि एकेकाला फोन करायचा."

"किती जणांना?" भाऊजी म्हणाला. "आपल्याकडे दीड लाखावर माणसं आहेत!"

"दोन हजार एकशे चाळीस," सूनबाई म्हणाली. "तळ्याच्या नोंदीत आहे. कुणाचे उघडले, कधी उघडले, सगळं." वॉचमनच्या पगाराबद्दल भाऊजीनं पुन्हा चकार शब्द काढला नाही.

फोन मावशींनी केले. "पुठ्ठा माझा होता," म्हणाल्या, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. अकरा दिवस. काहींनी शिव्या घातल्या, काही लॅब सोडून गेले. मावशी ऐकून घेत, 'चुकलं आमचं' म्हणत, पुढचा नंबर फिरवत.

इकडे माझं रूप पालटत होतं. पेशंटची नावं एकीकडे, निकाल दुसरीकडे. जोडणारा धागा कुलपात. पोटातला शब्दन् शब्द असा गुंतवला की कुणी उचलून नेला तरी त्याला वाचता येऊ नये. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढंच दार. भाऊजीला तपासण्या किती झाल्या ते दिसतं, कुणाच्या झाल्या ते नाही. दिवसाचं भाडं ठरल्यापेक्षा वर गेलं की तीन फोन एकदम वाजतात. तात्यांना आत यायचं तर आधी पासवर्ड, मग फोनवरचा आकडा. "माझ्याच लॅबात मला विचारते, तुम्ही कोण!" असं पुटपुटत ते आकडा घालतात, पण घालतात.

तिसऱ्या महिन्याचं बिल निम्म्याहून खाली आलं. सूनबाईनं शब्द राखला. पण गेलेली गिऱ्हाइकं परत येईनात, आणि कंपनीनं खरंच भाव पाडून कागद पाठवले. ते टेबलावर पडून होते. तात्या पेनाचं टोपण काढत आणि लावत.

तेवढ्यात एक बाई आल्या. ताठ, पांढरे केस, हातात फाइल. "मावशी कोण?" त्यांनी विचारलं. मावशी घाबरत पुढे झाल्या. "मी त्या दोन हजारांतली एक. पस्तीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग केलं, आता तिथंच लॅबची कामं कुणाला द्यायची ते बघते. माझे कागद आजवर कुणी कुठं पाहिले, देव जाणे. 'चुकलं आमचं' म्हणून फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग त्या खुर्ची ओढून बसल्या. "पण फोनवर काम देत नसते मी. तपासणार."

दोन दिवस तपासलं त्यांनी. शेवटी एका पेशंटचा नंबर दिला. "गेल्या मंगळवारी हिचा रिपोर्ट कुणी कुणी उघडला?"

सूनबाईनं मला विचारलं. मी एका दमात सांगितलं: यंत्रावरच्या मुलीनं दहा वाजून चार मिनिटांनी, डॉक्टरांनी साडेदहाला, आणि खुद्द पेशंटनं आपल्या फोनवरून दुपारी. चौथं कुणी नाही.

"आणि एवढा पहारा परवडतो?"

उत्तर भाऊजीनं दिलं, छाती काढून. "शंभरातले नऊ रुपये, बाई. पहाऱ्यासकट. वहिनींचं काम आहे ते."

तुमचंही काही ना काही कुणाच्या तरी तळ्यात असेलच. एकदा विचारा त्यांना, माझं कोण कोण पाहतं म्हणून. विचारायला लाजू नका. मला तर कुणी विचारलं की बरंच वाटतं.

हॉस्पिटलचं काम मिळालं, पाच वर्षांचं. कंपनीचे कागद तात्यांनी सही न करता परत धाडले. दुसरा कागद मागवला आणि लॅबच्या मालकांत थोरल्या सुनेचं नाव घातलं. सोडून गेलेल्यांतले निम्मे परत आले. मावशींच्या हाताखाली दोन मुली आल्या. आणि काल सकाळी नऊ वाजता, हॉस्पिटलच्या फाटकाशी उघडलेल्या चौथ्या शाखेतून पहिला रिपोर्ट माझ्या पोटात उतरला. तो पाहायला पाचही जण एका कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीनं उभे होते, आणि प्रत्येकाला मी आधी विचारलं, तुम्ही कोण. आणि प्रत्येकानं हसत हसत आपलं नाव सांगितलं.