ताईंची सही होईपर्यंत

मी इस्पितळातला जुना सर्व्हर बोलतोय. चादरींच्या कोठीशेजारच्या खोलीत अकरा वर्षं घरघरत काढली. इथल्या प्रत्येक रोग्याचे कागद माझ्या पोटात आहेत. कोणाला कोणतं इंजेक्शन चालत नाही, हे डॉक्टर मलाच विचारायचे. चहाचे कपही माझ्याच डोक्यावर ठेवायचे, ते सोडा.

एक दिवस व्यवस्थापक उड्या मारतच आले. "आता सगळं क्लाउडवर! खोली मोकळी, वीजही वाचली." आठवड्याभरात माझ्यातलं सगळं एका कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर गेलं आणि मला बंद केलं. मला पुसून टाकायचं तेवढं राहिलं होतं. त्याला दोन सह्या लागतात. व्यवस्थापकांची झाली होती. दुसरी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताईंची.

"ही यंत्रं आहेत कुठे?" ताईंनी विचारलं.

"अहो ताई, क्लाउड म्हणजे कुठेही असतील!"

"रोग्यांचे कागद देशाबाहेर न्यायचे नाहीत, असा नियम आहे. कुठे आहेत ते लेखी आणा, मग करते सही."

व्यवस्थापकांनी कपाळावर हात मारला. ताई हटल्या नाहीत. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढच्याच सोमवारी तपासणी अधिकारी आले. कंपनीशी केलेल्या करारात यंत्रं कोणत्या देशात आहेत, याचा उल्लेखच नव्हता. "खुलासा येईपर्यंत हे क्लाउड वापरायचं नाही," असं बजावून ते गेले.

त्याच दुपारी इथे नेहमी येणाऱ्या एका आजोबांना त्यांच्या शेजाऱ्यांनी बेशुद्धावस्थेत आणलं. नर्स इंजेक्शन भरून थांबलेली. नवं वापरायला मनाई, आणि मी बंद. ताई धावत आल्या आणि माझं बटण दाबलं. "चल रे बाबा, आज दगा देऊ नकोस."

मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. उठायला चार मिनिटं लागली. आजोबांच्या पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, हे इंजेक्शन देऊ नये. डॉक्टरांनी औषध बदललं. आजोबा वाचले.

दोन महिन्यांनी, म्हणजे आज, नवा करार आलाय. यंत्रं देशातच राहतील, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. व्यवस्थापकांनी पेन पुढे केलं.

"थांबा," ताई म्हणाल्या. "आधी आजोबांचं पान नव्यावर उघडून दाखवा."

उघडलं. लाल ओळ जागच्या जागी होती. ताईंनी सही केली.

माझी काही तक्रार नाही. तुमचे कागद कोणी मागितले, तर कुठे ठेवणार हे विचारायला लाजू नका, एवढंच सांगणं.

ताई, पुसा आता खुशाल. फक्त डोक्यावरचा तेवढा कप उचला.