फ्लँजवरची चौथी खाच

गिअरबॉक्समधून तेल गळायचं थांबलं नाही, तर रविवारी गाडी खोलून तिचे सुटे भाग करायचे, असं घरात ठरलं होतं. ठरवलं इदालमिसच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, ओस्मानीने. बाकीचे गप्प बसले, म्हणजे ठरलं. आजोबांची ही जुनी अमेरिकन गाडी क्यूबातल्या सांता क्लाराच्या रस्त्यांवर इदालमिसच चालवायची, सवाऱ्या नेऊन घर ओढायची. गाडी गेली की ओस्मानीच्या तोंडाकडे बघत बसायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने दोनदा ऑइल सील, तेल अडवणारी रबरी रिंग, बदलला होता. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी अंगणात काळं थारोळं. सील तर नवा, रशियन गाडीचा असला तरी मापाचा. मग दोष कुणाचा? तिचा बाप एवेलियो म्हणाला, तुझ्या हातांचा. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती, गुडघे गेले होते. जीभ तेवढी शाबूत होती.

शनिवारी ती पुन्हा गाडीखाली शिरली आणि फ्लँज ओढून काढली. मुठीएवढं लोखंड ते. त्याची गुळगुळीत मान सीलच्या रबरी कडेत अखंड फिरत असते. या खेपेला रागारागाने तिने ती मान रॉकेल आणि राखेने लख्ख घासली. तेव्हा कुठे रेघा दिसल्या. मानेभोवती शेजारीशेजारी गोल खाचा. तिने नख फिरवलं तर नख अडकलं. रबराने पोलाद कापलं होतं! बोटाने दाबली तर दुमडणारी ती कड, आणि तिने सोनाराने कोरावी तशी रेघ कोरली होती.

एवेलियोला यात नवल नव्हतं. म्हणून तर सीलमागे पत्र्याची चकती घालायची, तो म्हणाला. सील जरा बाहेर सरकतो आणि कड कोऱ्या लोखंडावर बसते. कारखान्याचा सील चकतीविना होता, त्याच्या बापाने एक चकती घातली, त्याने दोन. म्हणून पोरीला त्याने तीन सांगितल्या होत्या.

"म्हणजे खाचा तीन हव्यात," इदालमिस म्हणाली. "इथे चार आहेत, बाबा. माझे सील तर एक दिवसही टिकले नाहीत."

मोजायला शिक आधी, असं म्हणून त्याने तिला उडवून लावलं. आफ्रिकेत, अंगोलाच्या लढाईवर निघताना त्याने सील बसवला होता आणि परत आला तरी थेंब गळला नव्हता. हे ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते. तिने फ्लँज त्याच्या हातात दिली. त्याचं नख एकेक खाच ओलांडत गेलं आणि चौथीत अडकलं. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

आई, नेरेइदा, दारात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चौथी माझी आहे."

तिनेच सांगितलं. एवेलियो लढाईवर जाऊन थोडेच महिने झाले आणि गाडी गळायला लागली. लहानग्या इदालमिसला दमा. कधी दवाखान्यात पळावं लागेल याचा नेम नाही. मग तिने जुन्या बुटाचं चामडं कापून चरबीत भिजवलं, मागे तीन चकत्या घातल्या आणि गाडीखाली पाठीवर पडून तो सील ठोकून बसवला. मधली कित्येक वर्षं पेट्रोल नव्हतं, गाडी उभीच होती. पुढे इदालमिसने तो छिन्नीने फोडून काढला तेव्हा कोळसा झालेल्या त्या चामड्यातल्या चकत्या मोजणार कोण? आणि तीनच चकत्या घालून तिने नवा सील नेमका आईच्या खाचेत बसवला होता. तेल गळेल नाहीतर काय होईल!

इदालमिस आईकडे बघतच राहिली. जन्मभर या बाईने गाडीला 'ते धूड' म्हटलेलं.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" एवेलियोने विचारलं.

"दारात पाय ठेवलास आणि 'माझा सील टिकला' म्हणून नाचायला लागलास, म्हाताऱ्या. जिवंत आला होतास. म्हटलं, नाच."

इदालमिसने डबा कापून चौथी चकती केली. मानेवर नखाएवढंच कोरं लोखंड उरलं होतं. कड तिथे बसली. गावाला वळसा घालून आल्यावर तिने गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि देवाचं नाव घेतलं.

सकाळी ओस्मानी पान्यांची पेटी घेऊन आला. पुठ्ठा कोराच होता. त्याने उताणं पडून वर पाहिलं, बोट फिरवलं, बोटही कोरडं. कॉफी घेतली आणि पेटी उचलून गेला.

एवेलियो खुर्ची ओढत दारात बसलेल्या बायकोपाशी आला.

"मी नव्हतो तेव्हा अजून काय काय केलंस गं?"

नेरेइदाने ताटातले निम्मे तांदूळ त्याच्यापुढे सरकवले. "निवडायला लाग," ती म्हणाली. "वेळ लागेल सांगायला."