राहिलेली लांडोर

बसूच्या भंगाराच्या वखारीत, वजनकाट्याला टेकून जो राखाडी ठोकळा बसलाय ना मित्रांनो, तो मी. एक जुनं युनिक्स वर्कस्टेशन, म्हणजे मोठ्या कामाचा कॉम्प्युटर. सध्या माझ्याकडे बसूचा चहाचा कप सांभाळण्याचं काम आहे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेलच्या कारखान्यात मी आलो, तेव्हा मला स्वतंत्र खोली आणि एसी होता. मालक गुरुलिंगअण्णांच्या केबिनमध्ये नुसता पंखा. खंडेनवमीला माझी पूजा होई. हळद आत जाऊन माझा पंखा कायमचा पिवळा झाला. विजयमालाताई माझ्यापुढे बसून टॉवेलची नक्षी काढत. त्यांची पहिली नक्षी म्हणजे वर मोर आणि खाली मान वळवून बघणारी लांडोर.

तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून माझ्यात शिरणं सोपं होतं. नाव सांगा, पासवर्ड सांगा, या आत. पासवर्ड तारेतून उघडाच यायचा. तो सगळ्या कारखान्याला ठाऊक असल्यामुळे कोणी विसरत नसे.

पुढे माझा पडदा गेला, कीबोर्ड कुणीतरी नेला. उरलं ते तारेतलं दार. त्यावर कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रभुसाहेबांनी नवं, सुरक्षित कुलूप बसवलं. कुलूप चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू? पण येणाऱ्या प्रत्येकासाठी माझ्या आत एक नवा पहारेकरी उभा राही आणि भलेमोठे आकडे गुणत बसे. आजकालच्या फोनला ते चुटकीचं काम. मला दीड मिनिट लागे. दोन मिनिटांत ओळख पटली नाही, तर दार बंद.

एक दिवस माझ्या जागी थंड पाण्याचं मशीन ठेवायचं ठरलं. बसूचा टेम्पो चारला येणार होता, आणि ताईंच्या एकशेचाळीस नक्ष्या फक्त माझ्याच पोटात होत्या.

ताईंनी आपल्या कॉम्प्युटरवरून माझं दार वाजवलं. मी गुणाकाराला बसलो. अर्ध्या मिनिटात प्रभुसाहेब म्हणाले, "अडकलंय वाटतं. मी बघतो की." त्यांनीही वाजवलं. केबिनमधून अण्णांनीही वाजवलं. उघडेना म्हणून तिघांनी सोडून दिलं आणि पुन्हा दोन-दोनदा वाजवलं. पाहुणा उठून गेला तरी माझा पहारेकरी आकडेमोड संपवल्याशिवाय हलत नाही, हे त्यांना कोण सांगणार? आत नऊ पहारेकरी, आणि गुणणारा मी एकटा. उत्तर येत होतं मित्रांनो, पण दार बंद झाल्यावर.

साडेतीनला ताई ओरडल्या, "हात काढा सगळ्यांनी! म्हाताऱ्याला श्वास तरी घेऊ द्या."

"आम्ही मदतच करतोय की, ताई," अण्णा म्हणाले.

"मदत नको, अण्णा. चहा घ्या तुम्ही."

सगळे चहाला गेले. ताईंनी एकदाच वाजवलं, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. दीड मिनिटात मी दार उघडलं.

नक्ष्या एकेक करून जाऊ लागल्या. प्रत्येकीला कुलूपबंद करून पाठवायचं, म्हणून वेळ लागे. चारला बसू आला.

"बसू, तासभर थांबतोस का रे?"

"थांबतो की ताई. लई घाई न्हाय. तवर दुसरीकडचं भरून येतो."

एकशेएकोणचाळीस पोचल्या. मोर-लांडोर ताईंनी मुद्दाम शेवटाला ठेवली होती. "ती काय, तोंडपाठ आहे मला," त्या हसून म्हणाल्या. वरचा मोर गेला. आता लांडोर निघणार, तेवढ्यात चहा संपवून अण्णा केबिनमध्ये बसले. काम कुठवर आलं ते बघावं म्हणून त्यांनी दार वाजवलं. उघडेना, म्हणून सहा वेळा वाजवलं.

माझा श्वास कोंडला. ताईंशी जोडलेला धागा सुटला.

"झालं काय?" अण्णांनी बाहेर येऊन विचारलं. ताई पुन्हा एकदाच वाजवून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अण्णांना वाटलं, झालं. त्यांनी परत आलेल्या बसूला खूण केली आणि बसूने वायर ओढली.

परवा बसू नवा टॉवेल खांद्यावर टाकून आला. त्याच्यावर एकटा मोर. ताईंनी लांडोर पुन्हा काढून पाहिली म्हणे, पण तिची मान काही तशी वळत नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्याच्या दाराशी गेलात तर कडी एकदाच वाजवा आणि थांबा. तो येत असतो.

लांडोर माझ्यापाशी आहे. मान वळवून बघते आहे. पण आता माझं दार कोणी वाजवत नाही.