भोंग्याचा चार्जर

सकाळी नवऱ्याचं तोंड पुसून झाल्यावर वहिनीने पलंगाच्या उशाशी हात घातला, आणि हात रिकामाच परत आला. चार्जर जागेवर नव्हता. ठोकळा नाही, वायर नाही, कुणी भिंतीचा दात उपटून न्यावा तसा प्लग नुसता भोकं दाखवत बसला होता.

टॅबलेट उशीवर पडला होता. कोपऱ्यातली बॅटरी लाल झालेली, नऊ टक्के.

आज तपासणीवाल्या बाई येणार होत्या.

नवऱ्याला सगळं गाव भोंगा म्हणायचं. घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा तो. तिथे माइक होता, पण त्याने कधी हातात धरला नाही. पेटीवर उभा राहून "एक वार, दोन वार" असं ओरडायला लागला, की पलीकडच्या रस्त्यावरचे हमाल मान वळवायचे. मग एक दिवस पेटीवरच कोसळला. अर्धं अंग गेलं आणि आवाज तर मुळापासून गेला. डोकं मात्र शाबूत होतं. हे कळायला दवाखान्यातल्या बाईंना आठवडे लागले, वहिनीला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. त्याच दवाखान्यातल्या बाईंनी हा जुना टॅब मिळवून दिला. त्यावर मोठी मोठी अक्षरं आणि चित्रं होती. भोंगा डाव्या हाताच्या एका बोटाने ती दाबायचा आणि टॅब बोलायचा. आवाज बातम्या देणाऱ्या माणसासारखा, कोरडा. "पाणी." "पाठ दुखते." "टीव्ही बंद कर, डोकं उठलं." एकदा तर डॉक्टरसमोर तो आवाज म्हणाला होता, "हा शहाणा कधी जाणार?" वहिनी घरी येईपर्यंत हसत होती.

तर तो टॅब म्हणजे भोंग्याची जीभ होती, आणि जिभेत नऊ टक्के उरले होते.

भोंग्याच्या धाकट्या भावाने समाजकल्याण खात्याकडे अर्ज केला होता. दादाला काही समजत नाही, त्याला संस्थेत ठेवावं, घराचं काय करायचं ते मला ठरवू द्यावं. घर दोघा भावांच्या नावावर होतं आणि धाकट्याला ते विकायचं होतं. एवढीच त्याची बंधुप्रेमाची गोष्ट. मागच्या खेपेला खात्याच्या तपासणीवाल्या बाई आल्या तेव्हा टॅब दुरुस्तीला गेला होता. बाईंनी विचारलं, "तुम्हाला घरी राहायचंय का?" भोंग्याची मान हलली. आडवी हलली, उभी हलली, परत आडवी. दुखण्यानंतर ती तशीच हलते, पंख्यासारखी, त्याच्या हातात नाही ते. बाईंनी लिहून घेतलं, "उत्तर स्पष्ट नाही." आज शेवटची संधी होती. उत्तर त्याचं त्यानेच द्यायचं. नाही दिलं, तर अर्ज मंजूर.

वहिनीने धाकट्याला फोन लावला. काल संध्याकाळी तोच येऊन गेला होता, "उद्या बाई येणारेत, लक्षात आहे ना," हे सांगायला. त्याची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेला की चपला नंतर काढायचा, आधी प्लग शोधायचा. त्याच्या फोनची बॅटरी म्हणजे फुटका माठ.

"भाऊजी, आमचा चार्जर चुकून तुमच्याकडे आलाय का? लाल ठिपक्याचा?"

"माझ्याकडे माझा आहे, वहिनी. तुमच्या घरातच कुठेतरी असेल. नीट शोधा. आणि बाईंसमोर असा गोंधळ घालू नका बरं का, वाईट दिसतं."

ठिपका वहिनीनेच लावला होता. नेलपॉलिशची बाटली तिने आयुष्यात एकदाच विकत घेतली. नखांना ती कधी लागली नाही, ठोकळ्याला लागली. कारण या घरात सगळे चार्जर दिसायला सारखे आणि गुणाने वेगवेगळे, भावांसारखेच.

तिने वायरींचा खण ओढून जमिनीवर उपडा केला. गुंता बाहेर आला. मेलेल्या फोनांच्या वायरी, एकीचं तोंड चपटं, एकीचं गोल, एकीचं रुंद. कुणाचं तोंड बरोबर पण मान मोडलेली. जी टॅबला बसायची ती आतून तुटलेली, जी धड होती ती बसतच नव्हती. तिने स्वतःच्या फोनचा चार्जर लावून पाहिला. त्याचं तोंड नव्या तऱ्हेचं, टॅबचं जुन्या. नळ वेगळा, घागर वेगळी. तिचा फोन भरलेला होता, पण त्याचा उपयोग शून्य. त्यात ती अक्षरं नव्हती, आणि असती तरी भोंग्याचं थरथरतं बोट एवढ्याशा काचेवर चार अक्षरं एकदम दाबायचं.

ती वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे पळाली.

"अगं, माझा हा गोल तोंडाचा. बघ चालतो का."

"नाही चालत, काकू."

"मग जोर लाव की जरा!"

"जोर लावला तर त्याचं तोंड फाटेल, काकू. मग हे बसतील कायमचे मुके."

मोबाइलच्या दुकानाला कुलूप होतं. "लग्नाला गेलोय" अशी पाटी. जगाची लग्नं हिच्या मुळावर. शेवटी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने दाढीच्या मशीनची वायर काढून दिली. "हिचं तोंड जुन्या तऱ्हेचं आहे, वहिनी. पण सैल झालीय. दाबून धरावी लागते."

"धरीन. अंगठा तुटला तरी धरीन."

वायर बसली. बसली म्हणजे काय, वहिनीने अंगठ्याने वरून दाबून डावीकडे तिरकी केली, तेव्हा टॅबवर विजेची खूण उमटली. अंगठा ढिला पडला की खूण गेली. ती पलंगाच्या कडेला टेकून बसली आणि टॅब मांडीवर घेऊन अंगठा रोवला. चिकटपट्टी लावून पाहिली, रबर गुंडाळून पाहिलं, खाली काडी खुपसून पाहिली. वायरीला माणसाचाच अंगठा हवा होता.

बराच वेळ झाला, आकडा वर जायचा सोडून दोनवर आला. मशीनचा चार्जर मशीनपुरता, त्यात दम किती असणार! पडदा जळत ठेवला तर वरून गळायचं जास्त, खालून भरायचं कमी. पालथ्या घड्यावर पाणी. तिने पडदा बंद ठेवला, भोंग्याला म्हणाली, "अहो, आता काही बोलू नका. बाई येईपर्यंत गप्प बसा."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला गप्प बसा म्हणत होती. तो बघत राहिला. त्याला तहान लागली होती हे तिला दिसत होतं, पण अंगठा काढून उठायचं कसं? तिने ओढणीच्या टोकाने त्याची लाळ पुसली, तीही एका हाताने.

दुपारी बाई आल्या. मागोमाग धाकटा. दार उघडंच होतं. वहिनी उठली नाही, उठू शकत नव्हती.

"बसा. माझा हात अडकलाय."

बाई खुर्चीवर बसल्या. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या, आणि दमलेला माणूस नियमाला टेकून बसतो. धाकटा आत स्वयंपाकघरात जाऊन आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"सुरू करू या," बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा बाजूला व्हा."

"बाजूला झाले तर हा बंद पडेल, बाई. चार्जर हरवलाय. ही वायर दाबून धरावी लागते."

"घरच्या माणसाने यंत्राला हात लावायचा नाही. नियम आहे."

"मी यंत्राला कुठे लावतेय? वायरीला लावलाय."

"तुमचा अंगठा त्यांच्या बोटाच्या शेजारी आहे. उद्या कुणी म्हणालं तुम्हीच दाबलं, तर मी काय सांगू?"

"मी तेच म्हणतोय!" धाकटा पुढे झाला. "दादाच्या नावाने हीच बोलते. दादात काही उरलेलं नाही, बाई. पोपटाचा पिंजरा घेऊन बसलीय."

"मग भाऊजी, तुम्ही धरा!"

"तेही घरचेच," बाई म्हणाल्या. "तेही नाही चालणार."

"मग तुम्ही धरा ना, बाई. पाया पडते."

"मला साधनाला हात लावायची परवानगी नाही."

झालं! बायकोने धरलं तर खोटं, भावाने धरलं तर पक्षपात, सरकारने धरलं तर नियमभंग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणाऱ्यांपैकी कुणाच्याही हाताला रक्त लागत नाही.

वहिनीने पडदा उजळवला, टॅब भोंग्याच्या पुढ्यात ठेवला आणि अंगठा काढला. विजेची खूण विझली. भोंग्याचं बोट उठलं, हवेत थरथरलं, अक्षरावर पडलं.

"म," कोरडा आवाज म्हणाला. "मला."

पडद्याचा उजेड कमी झाला. भोंग्याने ते पाहिलं. त्याने बोट अक्षरांवरून काढलं आणि वायरीच्या तोंडाशी नेलं. दाबलं. तिरकं केलं, अगदी वहिनी करत होती तसं. सकाळपासून तो तेच तर बघत होता. विजेची खूण आली. पण आता बोलायला बोट कुठून आणायचं? त्याच्याकडे चालता हात एकच. धरलं तर बोलता येईना, बोलावं तर धरता येईना. त्याने वायर सोडली आणि घाईघाईने अक्षराकडे झेप घेतली. बोट काचेवर आपटलं तेव्हा काच काळी झाली होती.

भोंग्याच्या घशातून एक घोगरा आवाज आला, गंजलेली कडी सरकवल्यासारखा.

"वाक्य अपुरं राहिलं," बाई हळूच म्हणाल्या आणि पेन उघडलं.

"बाईंना पाणी द्या, वहिनी," धाकटा म्हणाला. आवाजात मध होता मेल्याच्या.

वहिनी उठली. पाय बधिर झाले होते. भिंत धरत ती स्वयंपाकघरात गेली, माठाकडे वळली, आणि तिथेच थांबली. ओट्यावरच्या प्लगला एक फोन लटकत होता. धाकट्याचा. आल्या आल्या लावलेला. आणि ज्या ठोकळ्यावर तो पोसला जात होता, त्या ठोकळ्यावर लाल ठिपका होता.

पाणी राहिलं. तिने प्लगमधून ठोकळा उपटला आणि वायरीला लोंबणाऱ्या फोनसकट बाहेर आणला. मेलेला उंदीर शेपटीने धरून आणावा तसा.

"हा काय, भाऊजी?"

धाकट्याची नजर आधी फोनकडे गेली. "अहो वहिनी, पडेल तो!"

"हा ठोकळा काय म्हणते मी!"

"चुकून आला असेल. सगळे सारखेच तर असतात."

"सकाळी फोनवर काय म्हणालात? नीट शोधा! सापडला बघा. नीट शोधला."

"म्हणजे मी मुद्दाम नेला असं म्हणायचंय तुम्हाला? एका चार्जरवरून सख्ख्या दिराला चोर ठरवता?"

मुद्दाम नेला की चुकून, ते वहिनीला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही. पण चुकून का होईना, त्याने भावाची जीभ खिशात घालून नेली होती आणि रात्रभर तिच्यावर स्वतःचा फोन पोसला होता. तिने त्याचा फोन वायरीवरून उपटला, तसा तो विझलाच, तो त्याच्या छातीवर फेकला आणि ठोकळा उशाशी लावला. वायर टॅबला बसली. अंगठा नको, काडी नको. काळ्या काचेवर रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं.

"पूर्ण उतरलाय," ती म्हणाली. "उघडायला थोडा वेळ लागेल."

बाई उभ्या राहिल्या होत्या, पिशवी खांद्यावर. "मला पुढची घरं आहेत हो. मी लिहिते की साधन नादुरुस्त होतं—"

वहिनी दाराशी गेली आणि कडी लावली. कडीला पाठ देऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय? मी तक्रार करीन तुमची."

"करा. जरूर करा. तक्रार करायला तुम्हाला तोंड आहे, बाई. ह्यांचं यायचंय अजून. ते येईपर्यंत बसायचं."

"वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? उघडा दार!"

"तुम्ही गप्प बसा, भाऊजी. तुमचा फोन आता मेलाय, बोलायचं कशाला एवढं?"

खरं तर तिला काही सुचत नव्हतं. बाईंनी ढकललं असतं तर ती पडली असती, सकाळपासून पोटात कण नव्हता. पण बाईंनी ढकललं नाही. बाई तिच्या अंगठ्याकडे बघत होत्या. वायरीचा चौकोन त्यात रुतून निळा पडला होता. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

टॅब उजळला. अक्षरं आली.

आता पलंगाजवळ कुणी नव्हतं. वहिनी दाराशी, धाकटा भिंतीशी, बाई खुर्चीत. भोंग्याचं बोट खाली आलं. बराच वेळ ते काचेवर ठेचकाळत राहिलं, चुकलं, पुसलं, परत दाबलं. मग त्या कोरड्या, बातम्या देणाऱ्या आवाजात टॅब म्हणाला,

"घरीच. एक वार."

बोट थांबलं. परत उतरलं.

"घरीच. दोन वार."

बाईंनी मान वर केली. त्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण धाकट्याला कळलं. लहानपणी तो त्याच पेटीशेजारी बसून दादाचा लिलाव ऐकत असे. तिसऱ्यानंतर बोली लागत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

"दादा, अरे ऐक तरी—"

"घरीच. तीन वार."

भोंग्याने तळहात पलंगावर आपटला, हातोडा आपटावा तसा. आवाज फुसका झाला, गादीवर किती होणार! पण झाला.

बाई लिहीत होत्या. "मी जे ऐकलं ते लिहिते. निर्णय माझा नाही, वरचा आहे," त्या म्हणाल्या आणि वहिनीकडे न बघता पुढे म्हणाल्या, "कडी काढा आता."

वहिनीने कडी काढली. बाई गेल्या. धाकटाही गेला, मेलेला फोन हातात घेऊन, चपला अर्ध्या पायात घालून. वर काय ठरेल, कोण जाणे. वरच्यांना तरी कुठे कान असतात.

दार लागल्यावर वहिनी जमिनीवर बसली आणि रडली, तोंडावर हात न घेता, मोठमोठ्याने. टॅब म्हणाला, "पाणी." ती उठली, त्याला पाणी पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली. मग तिने वायरींच्या खणातली एक निकामी वायर घेतली, लाल ठिपक्याच्या ठोकळ्याभोवती फिरवली आणि दुसरं टोक पलंगाच्या पायाला बांधलं. गाठीवर गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली.

आता ज्याला चार्जर न्यायचा असेल, त्याने पलंग उचलून न्यावा. भोंग्यासकट.