डॉक्टरांच्या हाताला गुण
काळाचौकीचे डॉक्टर धैर्यवान मागेल त्याला झोपेची गोळी लिहून द्यायचे. आमच्या शेजारच्या भागीला तर इतकी सवय लागली, की गणपतीत पोरांनी तिच्या उशाशी ढोल बडवला. ढोल फाटला, भागी उठली नाही. खोटं वाटत असेल तर ढोलवाल्याला विचारा.

शेवटी तिच्या सुनेने, प्राचीने, तक्रार केली. डॉक्टरांची चौकशी लागली. लायसन जायची पाळी आली. भागी त्यांना वाचवायला निघाली. मी आणि प्राची सोबत.

"साहेब, त्यांच्या हाताला गुण आहे," भागी चौकशीच्या साहेबांना म्हणाली.

"तुम्हाला तपासतात का?" साहेबांनी विचारलं.

"छे! हात कशाला लावतील? चांगल्या घरचे आहेत. खिडकीतूनच चिठ्ठी देतात."

"गोळी बंद करा, असं कधी म्हणाले?"

"नाही हो! कमी पडते म्हटलं, की दोन लिहितात. इतका प्रेमळ माणूस!"

समोरच बसलेल्या डॉक्टरांनी डोळे मिटले. मी भागीला कोपराने ढोसलं, तर म्हणते कशी, "थांब गं, सुटतायत बघ."

लायसन वर्षभरासाठी गेलं. भागीचा चेहरा उतरला.

"मग मला गोळी कोण देणार?"

"आई, उद्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊ," प्राची म्हणाली. "हळूहळू सोडवतात तिथे."

"आणि आज रात्री गं?"